घरामागचं खुराडं आणि नवी पिल्लं: कोंबडी व टर्की पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नाशिक परिसर)

मखमलाबाद, ओझर, सिन्नर, निफाड, त्र्यंबक अशा भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं घरामागे वीस-पंचवीस, फार तर पन्नास पक्षी पाळणाऱ्यांसाठी आहेत. हजारांच्या शेडचं गणित वेगळं असतं. बहुतेक प्रश्न पिल्लं मरायला लागल्यावर येतात. ते पिल्लं आणण्याआधी यावेत असं मनापासून वाटतं, म्हणून सुरुवात तयारीपासून केली आहे.

१. पिल्लं दोन दिवसांत येणार आहेत, खुराडं अर्धवट आहे. चालेल का?

खुराडं अर्धवट असलं तर चालेल, ऊबेची जागा अर्धवट असली तर चालणार नाही. पहिले चार-पाच आठवडे पिल्लांना मोठ्या खुराड्याची गरजच नसते. पडवीतला किंवा पडीक खोलीतला एक कोरडा, बिनझोताचा कोपरा, गोल कुंपण, तूस आणि वर दिवा, म्हणजे ब्रूडर, एवढं पुरतं. पण हे सगळं पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी लावून, दिवा चोवीस तास चालू ठेवून तपासलेलं हवं. आपल्याकडे शहाबादी फरशी असते, ती थंडीत बर्फासारखी गार पडते. वरून दिवा ऊब देतो आणि खालून फरशी ती ओढून घेते. तूस आणि फरशी दोन्ही कोमट झाल्याशिवाय पिल्लांची पेटी उघडू नका.

जुनं खुराडं असेल तर जुनं तूस पूर्ण काढा, जमीन खरवडा, धुवा, वाळू द्या, चुना मारा आणि जमलं तर दोन आठवडे रिकामं ठेवा. ओल्या चुन्यावर पिल्लं सोडू नका.

२. किती पक्ष्यांना किती जागा लागते?

पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट, मोठ्या कोंबडीला खुराड्याच्या आत दोन चौरस फूट. मोठ्या टर्कीला चार-पाच. बाहेर फिरायला जागा असेल तितकी कमीच. लोक पिल्लं पाहून खुराडं मापतात आणि तिसऱ्या महिन्यात अडकतात. मोजमाप मोठ्या पक्ष्याचं धरा.

३. खुराडं बांधताना दिशा आणि उंची कशी ठेवावी?

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि दुपारचं ऊन थेट आत घुसत नाही. लांब बाजूंना खाली फूट-दीड फूट भिंत आणि वर जाळी. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू बंद किंवा पडद्याची हवी. जोतं जमिनीपासून किमान फूटभर उंच घ्या. इगतपुरी-त्र्यंबककडे पत्र्याची वळचण तीन फूट बाहेर काढा, कारण तिथल्या पावसात दोन फुटांच्या वळचणीखालचं तूस हमखास भिजतं. मालेगाव-नांदगावकडे पत्रा तापतो. त्यावर उसाचं पाचट किंवा वरून पांढरा चुना फार उपयोगी पडतो.

गोणपाटाचे पडदे खालून वर उघडतील असे न बांधता वरून खाली उघडतील असे बांधा. थंडीत वरची चार बोटं उघडी राहिली की दमट हवा आणि अमोनियाचा वास निघून जातो आणि पिल्लांच्या अंगावर झोतही येत नाही. खुराड्यात शिरल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर वीतभर उंचीच्या पिल्लाला त्याहून जास्त झोंबतंय.

४. षटकोनी जाळी लावली होती, तरी मुंगसाने पिल्लं नेली. काय चुकलं?

ती जाळी कोंबडी आत ठेवते, शत्रू बाहेर ठेवत नाही. घूस ती कुरतडते, कुत्रं दातांनी फाडतं आणि लहान मुंगूस व साप आरपार जातात. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. ती जमिनीत फूटभर पुरा किंवा भिंतीबाहेर फूटभर आडवी पसरून वर दगड-माती टाका. घूस भिंतीला लागूनच उकरते आणि आडव्या जाळीवर अडते. दाराला साधी कडी नको, वर-खाली दोन कड्या हव्यात.

निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. रात्री वरूनही बंद असलेलं खुराडं आणि अंगणात दिवा ठेवा. रात्री कोंबड्या ओरडल्या तर एकट्याने काठी घेऊन बाहेर पडू नका. पक्षी गेले तर पुन्हा आणता येतात. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

५. नाशिकला पिल्लं आणायला कोणता महिना बरा?

माझ्या मते फेब्रुवारीचा मध्य, त्याखालोखाल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत रात्रीचा गारठा उतरायला लागतो, ऊन अजून चढलेलं नसतं आणि पावसाळ्यापूर्वी पिल्लं पिसांनी भरतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर, पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्या रात्री एका बल्बवर पिल्लं जगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊब जमते, पण तूस कोरडं राहत नाही आणि रक्ती हगवण मागे लागते (प्रश्न १४).

६. कोणती जात घ्यावी, आणि विकणाऱ्याला काय विचारावं?

घरामागे फिरणारी, अंडी आणि मांस दोन्ही देणारी हवी असेल तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया किंवा बंगळूरची गिरिराज बऱ्या. कडकनाथ झाबुआकडचा. तो दणकट असतो, पण वाढायला वेळ घेतो. टर्कीत बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी विराट ही पांढरी जात आहे. राज्य सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे आधी नोंद करावी लागते.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पिल्लं कधी निघाली, मॅरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या विषाणूरोगाची) लस टोचली का, आणि प्रवास किती तासांचा. दारावर सायकलवर विकायला येणारी रंगवलेली पिल्लं घेऊ नका. ती बहुधा अंड्याच्या जातीचे टाकून दिलेले नर असतात आणि त्यांना लस दिलेली नसते.

७. पिल्लं घरी आली. पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

आधी पाणी, मग खाद्य. अंड्यातल्या बलकाचा साठा पिल्लाच्या पोटात दोन दिवस पुरतो, म्हणून ते प्रवासात उपाशी मरत नाही, पण तहानतं. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम गूळ विरघळवा. प्रत्येक पिल्लू हातात घ्या, चोच एकदा पाण्यात बुडवा आणि दिव्याखाली सोडा. पंचवीस पिल्लांना दहा मिनिटंही लागत नाहीत आणि त्यातच अशक्त कोण ते कळतं. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा आणि संध्याकाळपासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं विकतचं तयार खाद्य, द्या. गूळपाणी पहिल्या दिवसापुरतंच. नंतर त्याने भांडी चिकट होतात आणि मुंग्या येतात.

रात्री झोपण्यापूर्वी चार-पाच पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. ती भरलेली आणि मऊ हवी. रिकामी असेल तर पिल्लू खात नाही, कडक असेल तर नुसतं खाल्लंय, पाणी प्यायलेलं नाही.

८. उष्णता किती ठेवायची? माझ्याकडे थर्मामीटर नाही.

पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी, २१ पर्यंत. टर्कीला दोन अंश जास्त आणि एक आठवडा अधिक. थर्मामीटर स्वस्त असतो, जरूर घ्या, पण पिल्लं त्याहून खरं सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी आहे. कडेला पसरून चोच उघडी टाकून धापत असतील तर उकाडा आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून झोत येतोय. विखरून, काही खात, काही पाय लांबवून झोपलेली दिसली की तापमान बरोबर.

पंचवीस पिल्लांना सुरुवातीला तीन फूट व्यासाचं, दीड फूट उंचीचं पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कुंपण पुरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते चार फुटांवर न्या. गोलच हवं. चौकोनात कोपरे असतात आणि थंडीत किंवा घाबरून पिल्लं कोपऱ्यात एकमेकांखाली दबून मरतात.

दिवा जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर साखळीने टांगा, नुसत्या वायरवर नको. तूस पेट घेतं. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा बल्ब, इन्फ्रारेड दिवा किंवा सिरॅमिक हीटर लागतो.

९. रात्री वीज गेली तर?

हे उत्तर मी अनुभवातून देते. पहिल्या वर्षी जानेवारीत पंचवीस पिल्लं आणली होती. रात्री अडीचला वीज गेली आणि आम्ही झोपेत होतो. सकाळी कुंपणाच्या एका बाजूला ढीग होता, वरची पिल्लं जिवंत आणि खालची अकरा मेलेली. त्या दिवसापासून घरात पिल्लं असली की पहिले दहा दिवस मी रात्री दोनचा गजर लावते.

तयारी अशी ठेवा. दोन लिटरच्या पाच-सहा बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या कापडात गुंडाळून, कुंपणात उभ्या ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी बदला. वरून चादर टाका, पण एक बाजू उघडी ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो पिल्लांबरोबर माणसांचाही जीव घेतो. शेगडी लावायचीच असेल तर निखारे बाहेर पूर्ण लाल करून आणा, भोवती पत्रा लावा, खिडकी उघडी ठेवा आणि कुणीतरी जागं राहा.

१०. खाली काय पसरायचं? वर्तमानपत्र चालतं का?

भाताचं तूस सर्वांत चांगलं. इगतपुरी-त्र्यंबकच्या भाताच्या गिरण्यांत ते सहज मिळतं. दोन-तीन इंचाचा थर द्या. लाकडाचा भुसा जाडसर असला तर चालतो. अगदी बारीक भुसा पिल्लं खातात आणि तो नाकात जातो. पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद लागतो, नाहीतर पिल्लं खाद्य समजून तूस टिपतात. पण गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. खोक्यांचा खरबरीत पुठ्ठा किंवा जुनं सुती कापड वापरा.

११. घरचं धान्य आणि उरलेलं अन्न देऊन पिल्लं वाढतील का?

जगतील, वाढणार नाहीत. पिल्लाच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिनं लागतात. बाजरी, तांदूळ, मका यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात. पहिले आठ आठवडे विकतचं चिक स्टार्टर द्या, मग हळूहळू धान्य, शेवग्याचा पाला, लसूणघास, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती). अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर फीड पिल्लांना देऊ नका. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. टर्कीसाठी प्रश्न १३ पाहा.

१२. टर्कीची पिल्लं समोर खाद्य असूनही खात नाहीत आणि एकेक करून मरतात. का?

टर्कीच्या बाबतीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. टर्कीच्या पिल्लाला दिसायला कमी दिसतं, ते बिचकतं आणि खाणं-पिणं आपोआप शिकत नाही. भरल्या भांड्याशेजारी ते उपाशी मरतं. पहिल्या आठवड्यातली बरीच मर याच कारणाने होते, रोगाने नाही.

म्हणून त्याला शिकवावं लागतं. दर दोन तासांनी प्रत्येकाची चोच आधी पाण्यात, मग खाद्यात बुडवा. पाण्याच्या भांड्यात चमकदार रंगीत गोट्या टाका. त्यांना टोचायला जाताना पाणी तोंडात जातं आणि पिल्लू बुडतही नाही. खाद्य हिरव्या ताटलीत ठेवा, वर बारीक चिरलेली कोथिंबीर भुरभुरा. पहिले चार-पाच दिवस चोवीस तास उजेड ठेवा. तमिळनाडूतल्या टर्कीपालनात रूढ असलेली एक पद्धत आमच्याकडेही फार लागू पडली: पहिले पंधरा दिवस एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध आणि दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं, बारीक कुस्करून. दूधपाणी तीन तासांत बदला आणि भांडं धुवा, नाहीतर तेच हगवण देईल.

दोन कोंबडीची पिल्लं सोबत सोडली की टर्की त्यांचं पाहून टिपायला लागतात, असं जुने लोक सांगतात. ते खरं आहे, पण त्याला अट आहे. ती पुढच्या प्रश्नाबरोबर वाचा.

१३. टर्की आणि कोंबड्या एकाच खुराड्यात ठेवल्या तर? आणि एकच खाद्य?

एकत्र ठेवू नका. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्म जीव पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. टर्कीचं मात्र यकृत सडतं, गंधकासारखी पिवळी विष्ठा होते आणि पक्षी काही दिवसांत मरतो. याला ब्लॅकहेड म्हणतात. खात्रीचं औषध नाही. ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि गांडुळांतूनही जातात, म्हणून कोंबड्या फिरलेल्या जुन्या अंगणातही टर्की सोडू नये. कुंपण वेगळं, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि रोज आधी टर्कीचं काम उरकून मग कोंबड्यांकडे जा.

मागच्या प्रश्नातली अट ही: सोबत सोडायची कोंबडीची पिल्लं उबवणी केंद्रातून थेट आलेली, एक दिवसाची, मातीला पाय न लागलेली हवीत. तूस नवं हवं. आठवड्याभरात टर्की खायला लागल्या की ती पिल्लं वेगळी करा.

खाद्याचंही तसंच. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्के प्रथिनं लागतात, चिक स्टार्टर कमी पडतं. दुकानदार मग ब्रॉयलरचं खाद्य पुढे करतो. पोत्यावरचं लेबल वाचा. रक्ती हगवण टाळायला त्यात सॅलिनोमायसिन घातलेलं असेल तर घेऊ नका. कोंबडीला चालणारी ती मात्रा टर्कीला विष ठरते, पाय लुळे पडतात. असं औषध नसलेलं खाद्य मागा आणि वर उकडलेलं अंडं, सोयापेंड द्या. शेंगदाण्याची पेंड बुरशीची जराही शंका असेल तर नकोच. १९६० मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की एका अनोळखी रोगाने मेल्या. कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष शास्त्रज्ञांना कळलं. भिजलेला मकाही याच कारणाने फेकून द्यायचा.

१४. विष्ठेत रक्त दिसतंय. आणि काही पिल्लांची मागची जागा चिकटली आहे.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागची जागा चिकटणं पहिल्या आठवड्यात, थंडी-उष्णतेच्या चढउताराने किंवा प्रवासाच्या ताणाने होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, ओढू नका, पुसून कोरडं करा, बोटभर खोबरेल लावा. आणि तापमान तपासा (प्रश्न ८).

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. ओल्या तुसात ती वाढते. पशुवैद्यकांना विचारून पाण्यातून अॅम्प्रोलियम द्या, ओलं तूस त्याच दिवशी काढा आणि पाण्याची भांडी विटेवर ठेवा. तूस बदललं नाही तर औषध वाया जातं. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे.

१५. लसी कोणत्या, कधी? शंभर डोसांची बाटली वीस पिल्लांसाठी कशी घ्यायची?

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) या रोगासाठी लासोटा ही लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या विषाणूरोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची लस, आठव्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून. टर्कीलाही मानमोडी आणि देवीची लस लागते, तिचे दिवस आपल्या पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या.

बाटली फोडल्यावर दोन तासांत संपवायची असते, उद्यासाठी राहत नाही. म्हणून गल्लीतल्या, वस्तीवरच्या चार-पाच घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणावीत आणि लसीचा दिवस एकच ठेवावा. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. पाण्यातून देत असाल तर नळाचं क्लोरिनचं पाणी नको, विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

१६. दोन दिवसांत निम्मे पक्षी मेले. काय करू?

उघडून पाहू नका, नदी-नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, उरलेले विकू नका, शेजाऱ्यांना देऊ नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बहुतेक वेळा ती मानमोडी निघते, पण ठरवणं आपलं काम नाही. देशात पक्ष्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. त्या पट्ट्यातले लाखो पक्षी मारावे लागले. कळवायला घाबरू नका. लपवलं तर सगळ्या गावाचं नुकसान होतं.

१७. द्राक्षबागेत कोंबड्या सोडल्या तर तण आणि किडे खातील. आणि टाकाऊ कांदा खायला घालू का?

बागेत खातात, आणि छान खातात. पण द्राक्षावर हंगामात सतत फवारणी असते. फवारलेली पानं, खाली साचलेलं निळं मोरचुदाचं पाणी आणि विषाने मेलेले किडे पक्ष्यांच्या पोटात जातात. लेबलवर दिलेला थांबण्याचा काळ संपेपर्यंत पक्षी आत नकोत. शेजारची बाग असेल तर फवारणीचा दिवस विचारून ठेवा, वाऱ्याने ते आपल्या अंगणात येतं.

कांद्याची चार पाती भाजीच्या चिरण्यात गेली तर काही होत नाही. पण चाळीतला सडका कांदा टोपलीभर टाकू नका. जास्त कांद्याने पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि सडक्यात बुरशी असते ती वेगळीच.

१८. पिल्लं मोठ्या खुराड्यात कधी हलवायची?

अंगावरची लव जाऊन पूर्ण पिसं आली की, साधारण पाच-सहा आठवड्यांनी. टर्कीला आठ. सकाळी हलवा, म्हणजे अंधार पडेपर्यंत जागा ओळखीची होते. पहिल्या दोन रात्री आत मंद दिवा ठेवा. टर्की अंधारात दचकून एका ढिगात दबतात.

१९. माझी गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली टर्कीची अंडी ठेवली तर?

बसेल. कोंबडी २१ दिवस बसते, टर्कीला २८ लागतात. पण चांगली गावठी कोंबडी तो आठवडा जादा काढते, कारण तिला दिवस मोजता येत नाहीत, पिल्लांचा आवाज कळतो. अंडी मोठी असतात, पाच-सहाच ठेवा. कोंबडीची आणि टर्कीची मिसळून ठेवू नका, कारण पहिली पिल्लं निघताच ती उठून जाते. तिला रोज एकदा डालग्याबाहेर काढून दाणापाणी करा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात ती खंगते.

अडचण प्रश्न १३ चीच आहे. अंगणात फिरलेली कोंबडी म्हणजे ते जंत असण्याची शक्यता. बसवण्याआधी पशुवैद्यकांना विचारून तिला जंताचं औषध द्या, नव्या तुसावर, नव्या जागी बसवा, आणि पिल्लं निघाली की एका दिवसात ब्रूडरमध्ये हलवा. आई म्हणून ती उत्तम असते, उबेच्या दिव्यापेक्षा शंभरपटीने. तिच्याकडून पिल्लं काढून घेताना मलाही बरं वाटत नाही. त्या रात्री मी तिच्याखाली दोन-तीन कोंबडीची पिल्लं सरकवते. अंधारात ती त्यांना पोटाशी घेते आणि सकाळी सगळ्यांना घेऊन अंगणात उतरते.